‘लाकूड खोटं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय परवा रात्री वाचला. रागात काही लिहू नका असं घरातून बजावलं गेलं म्हणून दोन दिवस थांबलो. आपण बायकामुलांना घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे विकायला असलेली जुनी गाडी बघायला आलात आणि नाराज होऊन परत गेलात, त्याबद्दल माफी मागतो. शनिवारी सकाळी आपण दोनदा फोन केलात तेव्हा मी गाडीखाली होतो, उचलला नाही. ती चूक माझीच.

पण "लाकडाच्या नावाखाली स्टिकर चिकटवून आपल्याच माणसाला गंडवतात" हे आपण लिहिलंय. यावर गप्प बसलो तर लोक ते खरं धरतील.

त्या गाडीवर लाकूड नाही, हे बरोबर आहे. कधी नव्हतंच. ती १९६६ ची फोर्ड कंट्री स्क्वायर आहे, म्हणजे स्टेशन वॅगन, मागेपर्यंत छप्पर असलेली लांब कुटुंबाची गाडी. खऱ्या लाकडाची कंट्री स्क्वायर फोर्डने दोनच वर्षं काढली, १९५० आणि १९५१. मेपल आणि बर्च या लाकडांच्या चौकटी असायच्या. मिशिगनमध्ये आयर्न माउंटनला त्यांचा स्वतःचा लाकूडकाम कारखाना होता, जंगलंही स्वतःची. उरलेल्या तुकड्यांचा कोळसासुद्धा करून विकायचे, इतका पक्का हिशेब. तरी १९५२ पासून बॉडी सगळी पत्र्याची झाली आणि वर लाकडाचं चित्र आलं. कारण साधं आहे. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, सांधे उघडतात, दरवर्षी घासून वार्निश करावं लागतं. चार पोरं आणि एक कुत्रा घेऊन फिरणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कुठला? त्यानंतर १९९१ मध्ये ही गाडी बंद होईपर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षं, सुरुवातीच्या काही वर्षांच्या कडेच्या पट्ट्या सोडल्या, तर कंट्री स्क्वायरच्या अंगावर खरं लाकूड नव्हतं.

तुम्ही ज्याला स्टिकर म्हणालात ते डाय-नॉक नावाचं व्हिनाइल, म्हणजे लाकडाचं चित्र छापलेला प्लास्टिकचा पातळ थर. ते कारखान्यातूनच लागून यायचं. या गाड्यांचे शौकीन जुनं, उन्हाने फिकं पडलेलं का होईना, पण मूळचं व्हिनाइल शाबूत आहे का, तेच आधी बघतात. आपल्याला दाखवलेल्या गाडीला डाव्या बाजूला मूळचं आहे. उजव्या बाजूला आधीच्या मालकाने नवीन लावलं होतं, आणि हे मी आपल्याला उभ्या उभ्या सांगितलं होतं. वहिनी तेव्हा बाजूलाच होत्या.

आता थोडं घरचं सांगतो, कारण ते वाक्य मला तिथेच लागलं. माझे वडील कराडजवळ ट्रकचे हौदे बांधायचे. तीस वर्षं लाकडात हात होता त्यांचा. फळीवर बोटाची पेरं वाजवून आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचे. मी त्यांच्याकडे रंधा मारून मोठा झालो. त्या माणसाचा मुलगा लाकूड म्हणून प्लास्टिक विकतो, असं जगासमोर लिहिलं गेलं. असो.

जाहिरातीत ‘वूडी’ हा शब्द होता, आणि इथे आपलं म्हणणं थोडं पटतं. या धंद्यात खऱ्या लाकडाच्या गाडीला वूडी म्हणतात आणि चित्राच्या गाडीलाही सर्रास तेच म्हणतात. जाहिराती माझा भाचा लिहितो. नव्या माणसाचा गोंधळ होऊ शकतो हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्याला सांगितलंय, तो शब्द बदलेल. बाकीच्या जाहिरातीही सवडीने तपासू. किमतीचं म्हणाल तर, खऱ्या लाकडाची पन्नास-एक्कावन्नची धड गाडी आमच्या २४,९०० डॉलरच्या बरीच पुढे जाते. तशी माझ्याकडे असती तर मी ती उघड्या अंगणात ठेवलीच नसती.

आणखी एक. लिहू की नको असं चाललं होतं. लाकूड खरं की खोटं हे बघायला आपण मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात व्हिनाइल नखाने उचकटलंत. डावी बाजू, मूळची. साधारण दोन इंच निघालंय. तेव्हा मी काही बोललो नाही, आजही पैसे मागत नाही. पण अभिप्रायात आपणच "कोपऱ्यात सुटत चाललंय" असं लिहिलंत, तेव्हा हातातला चहा तसाच राहिला.

"गाडीत धूर येतो, मुलांना मळमळलं" याबद्दल. मुलांना त्रास झाला, वाईट वाटलं. पण चक्कर मारायला निघताना मी सांगितलं होतं की मागची काच बंद ठेवा. सगळ्याच जुन्या स्टेशन वॅगनची ही खोड आहे. पाठ सपाट, उभी. गाडी धावायला लागली की मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या काचेतून आत खेचला जातो. काच वर असली तर सहसा येत नाही. आपण व्हिडिओसाठी ती खाली घेतलीत, आणि मुलं नेमकी मागच्या समोरासमोरच्या सीटवर बसली होती. ते ३९० क्युबिक इंचाचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आहे, म्हणजे ६.४ लिटर. उदबत्तीचा वास कुठून येणार? तरी यापुढे काचेच्या बटनाशेजारी चिठ्ठी लावायचा विचार आहे.

राहिला रविवार. "लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी गेटसुद्धा उघडलं नाही." साहेब, पेनसिल्व्हेनियात रविवारी गाड्यांची विक्री करायला कायद्यानेच बंदी आहे. माझ्या लायसन्सवर बेतेल. आपली वेळ शनिवारी अकराची होती, आलात साडेतीनला. आमचं चारला बंद होतं, मी साडेसहापर्यंत थांबलो. मुलांनी मागचं दार कधी खाली पाडून, कधी बाजूला उघडून पंधरा-वीस वेळा खेळून पाहिलं. दोन्ही तऱ्हेने उघडणारं ते दार फोर्डने १९६६ मध्येच आणलं, मलाही त्याचं कौतुक आहे, म्हणून घाई केली नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते, हे मी आपल्याला बोललो नव्हतो.

माझं अंगण लहान आहे. वर्षाला मोजक्या गाड्या जातात, त्याही तोंडी शिफारशीवर. काल ओहायोच्या एका गृहस्थांनी याच गाडीसाठी फोन केला आणि पहिला प्रश्न आपल्या अभिप्रायाचा विचारला. ते आता "कळवतो" म्हणालेत.

आपण पुन्हा यावं असं खरंच वाटतं. शनिवारी दहा ते चार, आधी फोन करून. मी उचलेन, नाहीतर भाचा उचलेल. तारे वाढवा असं म्हणत नाही, पण ‘गंडवतात’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.

आणि मुलांची निळी पाण्याची बाटली मागच्या सीटखाली सापडली आहे. पत्ता कळवलात तर पोस्टाने पाठवतो.