शुक्रवार पेठेत एक बोर्डिंग

गेल्या महिन्यात धाकट्या भावानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ज्येष्ठ-निवास प्रकल्पाचं माहितीपत्रक टाकलं. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून. रॅम्प, नर्स, बाग, छोटं मंदिर, दोन्ही वेळचं जेवण. खाली त्यानं एवढंच लिहिलं, "आईसाठी बघूया काय?" पाच मिनिटांत मामाचं उत्तर आलं, "आई जड झाली काय रं तुम्हाला?" आत्या म्हणाल्या, आपल्या घराण्यात असं कधी झालेलं नाही. रात्रीपर्यंत ग्रुपचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वृद्धाश्रम म्हणजे नाक कापलं. दुसऱ्याचं म्हणणं, जमाना बदलला, परदेशात सगळे असेच राहतात. दुसऱ्या तटानं साक्षीला मला ओढलं, कारण मी परदेशात राहते.

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. आता लिहिते, कारण हा वाद आमच्या एकट्याच्या घरचा नाही. शाळेतल्या माझ्या बहुतेक मैत्रिणींच्या घरी तो या ना त्या रूपात चालू आहे. आणि सगळीकडे तो छपराबद्दल होतो: आई कुणाच्या छपराखाली राहणार आणि लोक काय म्हणणार. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत आई कुणाशी बोलते, हे आमच्या ग्रुपवर कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोळा वर्षं अ‍ॅरिझोनात, फीनिक्सच्या वायव्येला राहते. आठवड्यातले तीन दिवस मी सन सिटीतल्या घरांमध्ये जाते. गुडघा किंवा खुबा बदललेल्या लोकांना पुन्हा पायावर उभं करायचं, हे माझं काम. सन सिटी हे निवृत्तांचं गाव. डेल वेब नावाच्या बिल्डरनं १ जानेवारी १९६० ला ते खुलं केलं, आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे लाखभर लोक नमुन्याची घरं बघायला आले. घरांबरोबर त्यानं गोल्फचं मैदान, दुकानं आणि करमणुकीचं केंद्र आधीच बांधून ठेवलं होतं. बाकी बिल्डर घर विकत होते, यानं घराबाहेरचा दिवस विकला. आज तिथं सात रिक्रिएशन सेंटर आहेत आणि शंभराहून जास्त क्लब. लाकूडकाम, मातीकाम, शिवण, रत्नांना पैलू पाडणं, पत्ते. पंचावन्नच्या पुढच्या बायकांचं एक नाचाचं पथक आहे, सन सिटी पॉम्स. १९७९ पासून त्या हातात झुपके घेऊन मिरवणुकांत नाचतात. रस्त्यानं गोल्फ कार्ट फिरतात, त्यांत भाजी असते, कुत्री असतात, कुणाचा तरी केक असतो.

तिथं मला पहिल्यांदा काय शिकायला मिळालं ते सांगते. माझी एक पेशंट होती, वय ८४. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, नवरा गेलेला, मुलगी तीन राज्यं ओलांडून. पहिल्या दिवशी मी दार वाजवलं तर आत चार बायका. शिवणाच्या क्लबातल्या, तिच्याच टेबलावरच्या. एकीनं सूप आणलं होतं, एक औषधाच्या डबीत वारानुसार गोळ्या भरत होती, एक कुत्र्याला फिरवून आली होती. भिंतीवर कागद लावलेला: सोमवारी कोण, मंगळवारी कोण. मी विचारलं, तुम्हाला ऑपरेशनचं कळलं कसं? हिनं मुलीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मंगळवारी ती टेबलावर आली नाही. बस्स, तेवढ्यावरून.

त्या सहा आठवड्यांत ती बाई माझ्या व्यायामानं चालती झाली असं कागदोपत्री आहे. मला माहीत आहे, ती मंगळवारच्या टेबलासाठी चालती झाली.

म्हणून जे म्हणतात की परदेशात म्हातारी माणसं टाकून दिलेली असतात, त्यांना मी सांगते, मी आत जाऊन पाहिलंय, तसं नाही. पण जे म्हणतात की तसंच आपल्याकडे आणा, त्यांना पुढचं ऐकवायला हवं.

सन सिटीत मूल दिसत नाही. घरात किमान एक माणूस पंचावन्नच्या वर हवा, आणि लहान वयाच्यांना तिथं कायमचं राहता येत नाही. नातवंडं पाहुणी म्हणून येतात आणि जातात. अमेरिकेत मुलंबाळं असलेल्यांना घर नाकारायला कायद्यानं बंदी आहे, पण ज्येष्ठांच्या वस्त्यांना सूट आहे. शेजारीच यंगटाऊन नावाचं गाव आहे, सन सिटीच्याही आधीचं. तिथं १९९० च्या दशकात एका मुलाला घरातल्या त्रासामुळे आजीआजोबांनी आपल्याकडे ठेवून घेतलं, तर गावानं दंडाची नोटीस काढली. ते प्रकरण इतकं वाढलं की १९९८ मध्ये त्या गावाची वयाची अटच रद्द झाली. नातवाला आजीच्या घरात राहण्यासाठी लढावं लागलं, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि ती आजी जेवत कशी असंल गं?"

दुसरी गोष्ट शाळांची. सन सिटीच्या रहिवाशांनी शेजारच्या पिओरियाच्या शाळांसाठीच्या कर्जरोख्यांना वर्षानुवर्षं विरोधात मतं दिली, इतकी की १९७० च्या दशकात सन सिटीला त्या शाळांच्या हद्दीतून बाहेर काढावं लागलं. ही माणसं वाईट नव्हेत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसते, ती फार मायेची माणसं आहेत. पण दप्तर घेऊन जाणारं पोर ज्याला रोज दिसत नाही, त्याला शाळेचा पैसा परका वाटू लागतो. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या म्हाताऱ्यांना पोरांपासून तोडायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

आणि तिसरी गोष्ट गाडीची. डोळे गेले, लायसन्स गेलं, की सन सिटीतला माणूस एका दिवसात एकटा पडतो. टेबल तिथंच असतं, मैत्रिणी तिथंच असतात, पण मधे दोन मैलांचे, रुंद डांबरी रस्ते आणि वर ४५ अंशांचं ऊन. चालत कुठं जाणार?

आता आईचं सांगते. तिची पंचेचाळीस वर्षं शुक्रवार पेठेत गेली, गंगावेशीपासून चार मिनिटांवर. सकाळी उंबऱ्यावर भाजी निवडायला बसली की गल्ली तिच्याकडे यायची. मे महिन्यात चटणी कांडायला डंकावर अख्ख्या गल्लीच्या बायका एकदम जायच्या, कुणाची मिरची किती तिखट यावर दोन दिवस पुरतील इतकं बोलणं. शुक्रवारी चालत अंबाबाईला. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला किती फुटांवर आली याचा हिशेब: ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि तिथून पुढं गल्लीतली पोरं सामान वर चढवायला लागायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी दारात आलं तेव्हा शेजारच्या आक्कांना तालमीच्या पोरांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. अंधार होता, लाईट नव्हती. पण पोरांना ठाऊक होतं की आक्का मधल्या खोलीत, डाव्या हाताच्या कॉटवर झोपतात आणि त्यांना कमी ऐकू येतं.

त्या पुरानंतर आम्ही वाडा विकला. सगळ्यांनी मिळून, आईच्या भल्यासाठी. भावानं, म्हणजे आमच्या दादानं, पाचगावच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पाणी कधीच येणार नाही असा. भाऊ आणि वहिनी दोघं साडेआठला कामावर जातात, पुतणी पुण्याला शिकते. आई तिच्याच मुलाच्या घरात, तिच्याच माणसांत राहते. मामाच्या भाषेत सगळं नीट आहे. गेल्या वर्षी एका सकाळी तिला चक्कर आली आणि ती स्वयंपाकघरात पडली. भांडीवाल्या मावशी दुपारी साडेबाराला आल्या, तोवर ती फरशीवर पडून होती. चार तास. समोरच्या दाराआड माणसं होती. पण ती दिसली नाही म्हणून कुणाला काही चुकल्यासारखं वाटावं, असा तिचा दिवसच तिथं उरलेला नाही.

आपल्याकडे कुटुंब आहे, असं आपण अभिमानानं म्हणतो. आईजवळ कुटुंब आहे. तिच्याजवळ नाही ती गल्ली.

कोल्हापूरला कट्टे आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि मला त्यांचा फार जिव्हाळा आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, रंकाळ्याच्या काठावर, तालमीच्या पायरीवर म्हातारी माणसं बसतात. फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम भारी की खंडोबा, यावर सत्तरीतले गृहस्थ पोरांसारखे भांडतात. माझे वडील शेवटच्या आठवड्यापर्यंत कट्ट्यावर गेले. पण नीट बघा, तिथं बाई बसलेली दिसते का? बायकांचा कट्टा म्हणजे उंबरा, नळ, डंक, देऊळ. वाडा गेला की त्यांचा कट्टा संपूर्ण जातो. म्हणून वृद्धाश्रमाच्या वादात पुरुष घराण्याच्या अब्रूबद्दल बोलतात आणि बायका गप्प असतात, हे मला फार टोचतं.

आईला खरा आनंद कशानं होतो ते मला माहीत आहे. २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली. तेव्हापासून ती महिन्यातून एकदा एकटी गारगोटीला बहिणीकडे जाते. लोक म्हणतात सरकारनं फुकटची सवय लावली. मला विचाराल तर आईच्या औषधांवर आम्ही जो खर्च करतो त्यापेक्षा त्या तिकिटानं तिला जास्त बरं केलंय. दोघी दिवसभर काहीही करत नाहीत, शेंगा फोडतात आणि बोलतात.

आपला २००७ चा कायदा म्हणतो की मुलांनी आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे, आणि निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांची सोय होईल असं निवासस्थान असावं. चांगला कायदा आहे, छळ होणाऱ्यांना त्याचा आधार हवाच. पण छप्पर आणि पोटगी यापलीकडे तो जात नाही, आणि जाऊही शकणार नाही. सोबत कोर्टातून मिळत नाही.

मग काय करायचं? मला वाटतं, उत्तर कोल्हापूरकरांना सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपण आपल्या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतो. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग. महाराजांनी एकामागून एक उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला शिकायचं तर त्याला शहरात जेवण, जागा आणि बरोबरीची पोरं हवीत. ती जातवार होती, त्या काळाची गरज तशी होती. आज तशी नकोत. पण बोर्डिंगात राहिलेल्या पोराला आईबापांनी टाकलं, असं कोल्हापुरात कुणी म्हणत नाही. उलट, "आमचे आजोबा दसरा चौकात बोर्डिंगात शिकले," असं मान ताठ करून सांगतात. मग पोराला जे चालतं ते आजीला का चालू नये? वय सोळा असो की अठ्ठ्याहत्तर, बरोबरीचं माणूस लागतंच.

फक्त ते हायवेला नको. माहितीपत्रकातली बाग सुंदर होती, नर्सही असेल. पण तिथून अंबाबाई चालत गाठता येत नाही, गल्लीतलं पोर सायकलची घंटी वाजवत जात नाही, आणि मुलगा रविवारी गाडी घेऊन येईल तेव्हाच आई शहर बघणार. ते सन सिटीचं ऊन तेवढं उचलून आणल्यासारखं होईल. मला हवं आहे ते पेठेतलं बोर्डिंग. दहा-बारा खोल्यांचा एखादा जुना वाडा, पुराच्या रेषेच्या वर, खाली मोठा उंबरा. सामाईक स्वयंपाकघर, रात्रीला एक माणूस, संडासात धरायला दांड्या. पुढच्या खोलीत दुपारी गल्लीतल्या पोरांचा अभ्यास. आणि कुणी सकाळी उंबऱ्यावर आलं नाही तर साडेसातला दार वाजवायचं, एवढा एकच नियम.

मामा म्हणतील, तू साडेबारा तास मागं बसून हे सांगणार? त्यांचा राग मला मान्य आहे. आई फरशीवर पडली त्या वेळी मी झोपायला चालले होते, आणि ते चार तास मी कधी विसरणार नाही. लांब आहे म्हणूनच सांगते: ज्या घरात मी रोज दुसऱ्यांच्या आयांना उभं करते, तिथं काय आहे आणि काय नाही हे मी रोज मोजते.

रविवारी आईला फोन केला. सगळ्यांनी आपापलं मत दिलंय, तुझं काय ते सांग, म्हटलं. आई पेठेतली, बोलताना ती पुरुषासारखं "मी येतो, मी जातो" म्हणते. म्हणाली, "त्या हायवेवर मी जात नाही. दादाला सोडून तर नाहीच नाही." मग मी तिला वाड्याचं सांगितलं, उंबऱ्याचं, साडेसातच्या नियमाचं. दादा रोज संध्याकाळी कामावरून येताना डोकावेल, रविवारी तू पाचगावला जेवायला जायचं. ती ऐकत राहिली. गंगावेशीपासून किती लांब, तेवढं विचारलं.

काल सकाळी तिचाच फोन आला, माझ्याकडे आदली संध्याकाळ. "दादाला सांगितलंय मी, वाडा बघ म्हणून. आणि हे बघ, खालची खोली आक्काला द्यायची. तिचे गुडघे गेलेत. मी वर राहतो."