जाडीपेक्षा एसी ग्रेड आणि गाभा बघा
लॅमिनेट फ्लोअरिंग (लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची जमीन) निवडण्यावरच्या एका लेखात '१२ मिमी जाडीचं घेतलं की काम झालं' असा सल्ला आहे, तो अपुरा आहे. जाडीमुळे चालताना पोकळ आवाज कमी येतो. झीज सोसतो तो वरचा थर, आणि तो किती टिकेल हे एसी ग्रेडवरून, म्हणजे झीज सोसण्याच्या प्रतवारीवरून, कळतं. घरासाठी एसी ३ पुरतं, दुकानासाठी एसी ४.

खरी परीक्षा गाभ्याची, म्हणजे फळीच्या आतल्या मुख्य थराची. दुकानातून तुकडा मागून घ्या, कडेची जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा मोजा. ८ मिमीचा तुकडा साडेनऊ मिमीच्या वर फुगला तर तो माल नको, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नकोच.

भाव विचारताना फोम, प्लास्टिक शीट, स्कर्टिंग, दाराजवळची पट्टी आणि मजुरी धरूनच विचारा. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. कापाकापीसाठी ७ ते १० टक्के माल जादा घ्या.

बॉक्स त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवा. भिंतीपासून चारही बाजूंनी ८ ते १० मिमी फट सोडायलाच हवी, स्कर्टिंग ती झाकतं. फट नसेल तर दमट हवेत फळ्या फुगून मधोमध उचलल्या जातात आणि दोष मात्र मालाला लागतो.