नंदीचा बॅच नंबर

गावात ज्याच्या घरी इंग्रजी कागद येतो तो सरळ माझ्या सेतू केंद्रावर येतो. पीक विमा, केवायसी, बँकेची नोटीस, एकानं तर डॉक्टरची चिठ्ठी आणली होती वाचायला. त्यामुळे सुतारकाका सायकलच्या कॅरिअरले लाकडी नंदी बांधून दारात उभे राहिले तेव्हाच मी समजलो की आजचा दिवस गेला.

"बापू, जर्मनीले चाळीस नंदी पाठवाचे हायेत. फारम भर."

काकाची पोरगी तिकडे असते, तिथल्या चार मराठी घरांतले पोट्टे तान्हा पोळा करणार, आणि जावयाच्या डोक्यात आलं की ओळखीतच कायले द्यायचे, ऑनलाइन दुकानच टाकू. वर्धा-नागपूरकडच्या माणसाला तान्हा पोळा सांगायची गरज नाही. पुण्याकडचे कुणी वाचत असतील तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकावरचा लाकडी नंदी सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे घरोघरची खुशी, वसूल करतात. तुमच्याकडे नाही, वाईट वाटते.

मला वाटलं पत्ता टाकायचा, पैसे भरायचे, झालं. पण युरोपियन युनियनचा वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आहे, आणि त्यात बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ईमेल, वस्तूचा फोटो, तिथल्या भाषेत इशारा, हे सगळं ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाला विकत घ्यायच्या आधीच दिसलं पाहिजे. काकाचा ईमेल नाही. मी काढून दिला. पासवर्ड त्यांनी सायकलच्या मडगार्डवर खडूनं लिहिला, तो त्याच संध्याकाळी पावसानं धुतला.

मग आला बॅच नंबर. काका म्हणे, "बॅच म्हंजे?" मी म्हटलं एका खेपेला बनवलेले सगळे सारखे नग. काका खरंच दुखावले. "माहे दोन नंदी कधी सारखे झाले हायेत का बे? हा सर्जा, ह्याची मान तिरपी. थो ढवळ्या, ह्याचं वशिंड मोठं." मी नियम परत वाचला तर नंबरच पाहिजे असं नाही, वस्तू ओळखता येईल अशी दुसरी खूणही चालते. म्हणून पोटाखाली सर्जा, ढवळ्या, पवळ्या अशी नावं कोरायचं ठरलं. चाळीस नावं काढताना सतराव्यापासून गावातल्या माणसांची नावं यायला लागली, ते थांबवलं.

पुढचा प्रश्न, नंदी हे खेळणं आहे का? खेळणं असेल तर वेगळा कायदा, युरोपचे नियम पाळल्याचा सीईचा शिक्का, रंगात शिसं, कॅडमियम किती ते तपासा. आता गंमत अशी की सणासमारंभाची शोभेची वस्तू त्यांच्या यादीनुसार खेळण्यात मोडत नाही. मी उडालोच, म्हटलं काका सुटलो, नंदी सणाचा आहे! पण त्याला चाकं आहेत, दोरी आहे, आणि पोट्टे तो ओढत नेणार, मग वर शोभेची वस्तू लिहिलं म्हणून कोण मानेल. काकाले विचारलं चाकं काढू का. ते माझ्याकडे असं पाहून राहिले जसं काही मी खऱ्या बैलाचे पाय मागितले. बरं, शोभेची वस्तू ठरली तरी तो डिसेंबरवाला कायदा आहेच मागे उभा.

खेळणं तर खेळणं. तीन वर्षांखालच्या पोराचं असेल तर सुटा होणारा कोणताही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला नाही पाहिजे, पोरगं गिळते म्हणून. हे ३१.७ मी तीनदा सांगितलं, काका नुसते हूं हूं. मग एकदम म्हणाले, "सव्वा इंच म्हण ना मंग! दहा सूत." (सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग.) तिथंच एका फळीच्या तुकड्याला गिरमिटानं भोक पाडलं आणि तपासणी सुरू. घुंगरू, गेलं. शिंगाचं पितळी टोक, गेलं. कान, गेला. शेपटीचा गोंडा बाहेर लोंबत राहिला तेव्हा काका असे खुश झाले जसा पोरगा दहावी पास झाला.

तेवढ्यात म्हणाले पेटी मीच ठोकतो, सागाची. मी म्हटलं नका, परदेशी जाणारी लाकडी पेटी आतल्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीवर सलग ३० मिनिटं तापवलेली लागते, किडे मारायला, आणि वर तसा शिक्का. काकानं हिशोब केला, "मे मईन्यात आपल्याकडं ४७ जाते. नऊच तं कमी पडून रायले, टिनाखाली ठेवू." पुठ्ठ्याचं खोकं ठरलं.

आता राहिली जबाबदार व्यक्ती. युरोपात राहणारी पाहिजे, काही बिघडलं तर तिथले अधिकारी तिलाच धरतील. अर्थात जावई. व्हिडिओ कॉलवर मी नीट समजावलं, जावई ऐकत गेले, ऐकत गेले, आणि 'अधिकारी' म्हटल्याबरोबर नेटवर्क गेलं. जर्मनीत! आमच्या गावात लाइन नव्हती तरी माझी रेंज फुल. काका शांतपणे म्हणाले, "लग्नाच्या टायमालेच हे फारम भरून घ्याले पायजे होतं."

शेवटी लॅबवाल्यानं तपासणीची फी सांगितली, ती चाळीस नंदींच्या किमतीपेक्षा जास्त निघाली. दुकानाचा विषय तिथंच संपला. काकानं वर्तमानपत्रावर नंदीचा नकाशा काढून दिला, मापं सुतात, आणि मी फोटो पाठवला, घरच्या पोट्ट्यांपुरता तिकडेच बनवा म्हणून. जावई इंजिनिअर आहेत.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी बनवलेल्या नंदीचा फोटो आला. काकानं मोबाइल जवळ नेला, दूर नेला, उलटा करून पाहिला.

"वावरातलं रानडुक्कर बनवलं बाप्पा यानं," ते म्हणाले, "त्याले लिवून पाठव, तीन वर्षाखालच्या पोराले दाखवू नको म्हणा."