बिलिंग अडीच तास बंद राहिलं, त्याबद्दल

नमस्कार शेठ,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. सोमवारी सकाळी १० ते साडेबारा तिन्ही काउंटर बंद पडले, कारण आमच्याच बिलिंग सॉफ्टवेअरच्या लॉगने, म्हणजे ते आपल्या कामाची जी नोंदवही फाइलमध्ये लिहीत जातं तिने, सर्व्हरची डिस्क भरली. मग आम्ही तो लॉग इतका गप्प केला की पुढे बॅचचा घोळ झाला तेव्हा त्यात एक ओळ सापडली नाही. आणि वर १,२०० रुपयांचं बिल. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोनवर बोललोच आहोत, पण तुमच्यासारखे आणखी औषधविक्रेते आमचं सॉफ्टवेअर वापरतात आणि हे वाचून त्यांचे फोन आले, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या सोमवारच्या दहा दिवस आधीच्या शुक्रवारी झाली. दोन नंबरच्या काउंटरचा स्कॅनर मधूनच बीप न देता बसून राहायचा. आमचा मुलगा दुपारी आला आणि त्याने फक्त स्कॅनरच्या भागाचा लॉग डीबग लेव्हलवर टाकला, म्हणजे बारीकसारीक प्रत्येक गोष्ट लिहायची. (लेव्हल म्हणजे ओळ किती गंभीर ते; चढता क्रम डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर.) दोष शोधायचा तर हे करावंच लागतं. तार सैल निघाली, ती बदलली, चहा घेतला आणि तो निघाला. लेव्हल परत इन्फोवर आणायची राहिली.

तो बिनधास्त होता, कारण त्याच्या मते पुढे दोन चाळण्या होत्या. पहिली म्हणजे मुख्य लॉगर, ज्याला रूट म्हणतात. (लॉगर म्हणजे लॉगच्या ओळी पाठवणारा भाग; सॉफ्टवेअरच्या प्रत्येक भागाचा वेगळा असतो आणि रूट सगळ्यांच्या वर.) तो वॉर्निंगवर होता, म्हणजे त्याखालचं फाइलमध्ये जाणार नाही, असा त्याचा हिशोब. खरं सांगायचं तर मला विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पण आमचं सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय त्या पायथनमध्ये तसं होत नाही. मेसेज ज्या लॉगरमधून निघतो तिथे त्याची लेव्हल तपासली जाते. तिथून सुटला की तो वरच्या लॉगरच्या हँडलरकडे, म्हणजे फाइलमध्ये लिहिणाऱ्याकडे, थेट जातो. वाटेत वरच्या लॉगरची लेव्हल कोणी बघत नाही. मागच्या बोळातून आत आलेल्याला पुढच्या दारावरचा वॉचमन अडवत नाही, तसंच. हँडलरची स्वतःची लेव्हल मात्र बघितली जाते, पण ती आम्ही लावलीच नव्हती. न लावलेली लेव्हल म्हणजे शून्य, म्हणजे सगळं आत.

स्कॅनरचा भाग सेकंदाला १०० वेळा विचारतो, ‘काही आलं का?’ डीबगवर प्रत्येक विचारण्याची एक ओळ. तीन काउंटर, आणि दुकान बंद असलं तरी सर्व्हर रात्रभर चालूच. दिवसाला झाल्या साधारण २ कोटी ५९ लाख ओळी. एक ओळ दीडशे बाइटची धरली तर रोजचे जवळपास ३.९ जीबी. तुमच्या डिस्कवर ३८ जीबी मोकळे होते. दहा दिवस पुरले.

दुसरी चाळणी फाइलच्या आकाराची. फाइल १० एमबीची झाली की नवी सुरू करायची, असं आम्ही लिहिलेलं होतं. पण जुन्या किती फाइली ठेवायच्या तो आकडा, बॅकअप-काउंट, आम्ही भरला नव्हता. न भरल्यास तो शून्य असतो, आणि शून्य असताना पायथनचा रोटेटिंग हँडलर, म्हणजे आकारानुसार फाइल बदलणारा, फाइल बदलतच नाही, आकार काहीही लिहिलेला असो. हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. आम्ही तीन वर्षं तीच सेटिंग सगळीकडे लावत होतो आणि कधी फाइल मोठी झाली नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ही चूक त्या मुलाची नाही, माझी आहे. ती ओळ मी लिहिली होती.

आता दुसरा भाग, ज्याची मला जास्त लाज वाटते. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात. सोमवारी डिस्क रिकामी केल्यावर आम्ही घाईत सगळंच्या सगळं एरर लेव्हलवर टाकलं. त्याच आठवड्यात तुमच्याकडे एका गोळीच्या पट्ट्या कमी भरल्या. झालं होतं असं: स्कॅन केलेली बॅच स्टॉकमध्ये सापडली नाही की सॉफ्टवेअर सर्वात जुनी बॅच धरून बिल पुढे नेतं आणि ‘बॅच जुळली नाही, जुनी धरली’ अशी ओळ लिहितं. ही ओळ आमच्या प्रोग्रामरने वॉर्निंग म्हणून लिहिलेली. प्रोग्राम अडला नाही ना, मग वॉर्निंग. त्याच्या बाजूने बरोबर. पण दुकानदाराच्या बाजूने तो सरळ एरर आहे, कारण माल एका बॅचचा गेला आणि खाती दुसरी लागली. लेव्हलने गाळलेली ओळ कुठे लपून बसत नाही. ती लिहिलीच जात नाही, मागाहून कोणी काढूनही देऊ शकत नाही. म्हणून तुमच्या दोन आणि आमच्या एका माणसाला दोन दिवस गोडाऊनमध्ये बसून बिलं आणि पट्ट्या जुळवाव्या लागल्या.

तुमच्या भाच्यांनी लिहिलंय, ‘प्रॉडक्शनला (म्हणजे रोजच्या धंद्यात चालू असलेल्या सिस्टिमला) लेव्हल ३ वर कोण ठेवतं?’ ते सिसलॉगचे, म्हणजे लॉग लिहायच्या एका वेगळ्या पद्धतीचे, आकडे सांगतायत. तिथे ० म्हणजे सर्वात गंभीर आणि ७ म्हणजे डीबग, ३ म्हणजे एरर. पायथनमध्ये उलटं आहे: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आकडे वेगळे, पण मुद्दा त्यांचा शंभर टक्के बरोबर. एररवर ठेवायला नको होतं.

त्यांची एक सूचना मात्र मी घेणार नाही: ‘डिस्क मोठी घ्या आणि डीबग कायम चालू ठेवा.’ आमच्या डीबग ओळींमध्ये गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर छापला जातो. तो महिनोन्महिने साध्या फाइलमध्ये पडून राहणं मला मान्य नाही. शिवाय दोन कोटी ओळींत बॅचची एक ओळ शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

सध्या तुमच्या सर्व्हरवर असं आहे. लॉगर इन्फोवर. रोजची फाइल इन्फो आणि वरचं घेते, १० एमबीच्या ७ जुन्या फाइली ठेवून. दुसरी वेगळी फाइल फक्त वॉर्निंग आणि वरचं घेते, म्हणजे महत्त्वाची ओळ गर्दीत बुडत नाही. लेव्हल आता दोन्ही हँडलरवर लावलेली आहे, त्यामुळे उद्या कोणी एखादा भाग डीबगवर विसरला तरी त्याच्या ओळी फाइलपर्यंत पोचणार नाहीत. डीबग हवाच असेल तेव्हा त्याची तिसरी फाइल चालू करायची, ती रात्री १२ ला आपोआप बंद होते. बॅचची ती ओळ आता एरर आहे, आणि काउंटरवरही लाल पट्टी दिसते. डिस्क ८० टक्के भरली की मला मेसेज येतो.

राहिलं बिल. ‘लॉग दुरुस्ती’ म्हणून १,२०० रुपये लावले, ते आमच्या ऑफिसमधून नेहमीच्या व्हिजिटसारखे गेले. आमच्याच चुकीची दुरुस्ती तुमच्या खिशातून नको. ते रद्द केलेत, आणि गोडाऊनमधल्या दोन दिवसांबद्दल पुढचे तीन महिने एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) घेणार नाही. क्रेडिट नोट घेऊन मी बुधवारी ९ वाजता, दुकान उघडायच्या आत येतो. भाचे गावात असतील तर त्यांनाही बोलवा, कॉन्फिगची, म्हणजे या सगळ्या सेटिंगची, फाइल त्यांच्यासमोर उघडून दाखवतो.