टोरेंटने नेटफ्लिक्स जन्माला घातलं? छे!

'टोरेंट नसतं तर नेटफ्लिक्सच नसतं. स्वस्त ॲप आलं की पायरसी आपोआप मरते. आणि फुकट बघणारे सिनेमाची जाहिरातच करतात.' हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. वाचायला झकास, पण श्रेय भलत्याच्या पदरात टाकणारा.

आधी जन्माचं बघू. नेटफ्लिक्स कंपनी १९९७ची, बिटटोरेंट, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवून घ्यायचं टोरेंटचं तंत्र, आलं २००१ला. कंपनी वर्षानुवर्षं टपालाने डीव्हीडी पाठवत होती. २००७मध्ये तिने स्ट्रीमिंग सुरू केलं, कारण तोवर अमेरिकेत घरोघरी ब्रॉडबँड पोचलं होतं. ते नसतं, तर कितीही टोरेंट असून उपयोग शून्य.

मग पायरसीने काहीच केलं नाही? केलं की! खरेदीची यादी करून दिली. २०१३मध्ये नेदरलँड्समध्ये येताना नेटफ्लिक्सच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं, की मालिका विकत घेताना पायरसीच्या साइटवर काय चालतंय ते आम्ही बघतो. 'प्रिझन ब्रेक' तिथे तसाच घेतला. बाजाराचा अभ्यास, तोही फुकटात! पण हे आयत्या चाललेल्या गाडीला मिळालेलं इंधन. गाडी दुसऱ्यानेच बांधलेली.

'स्वस्त आणि वेळेवर दिलं की चोरी थांबते' हे अर्धंच खरं. ऑगस्ट २०१७मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग प्रसारणाआधीच फुटला. आपल्याकडे ही मालिका हॉटस्टारवर रीतसर बघता येत होती, उशीरही फारसा नव्हता. तरी फुटला, आणि कुठून? भारतातूनच, हॉटस्टारचं काम सोपवलेल्या कंपनीच्या आतून. चार जणांना अटक झाली. फुटलेल्या प्रतीवर स्टार इंडियाची, म्हणजे हॉटस्टारच्या तेव्हाच्या मालक कंपनीची, खूण तशीच होती. स्वस्त ॲपने प्रेक्षकाची सोय होते, आतल्या माणसाच्या हातातली फाइल कशी थांबणार?

राहिली जाहिरात. ही मालिका बनवणाऱ्या एचबीओ वाहिनीची तेव्हाची मालक कंपनी टाइम वॉर्नर. तिचे प्रमुख जेफ ब्यूक्स २०१३मध्ये म्हणाले होते, 'गेम ऑफ थ्रोन्स'ची पायरसी टीव्हीच्या एमी पुरस्कारापेक्षा भारी. त्यांना परवडतं हो! एचबीओचा धंदा दरमहा वर्गणीवर. आज चोरून बघणारा उद्या वर्गणीदार होऊ शकतो. मराठी निर्मात्याची कमाई शुक्रवार ते रविवारच्या शोवर. शनिवारी टेलिग्रामवर प्रिंट आली की सोमवारी थिएटरवाला शो काढतो, आणि मग ओटीटीवाल्याशी भाव करायला हातात आकडाच उरत नाही.