चुंबक चिकटलं म्हणून स्टील नकली ठरत नाही

धनत्रयोदशी जवळ आली की नागपुरात तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो: इतवारीत भांडी घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवा, चिकटलं तर स्टील नकली, नाही चिकटलं तर अस्सल 304 (भांड्यांच्या चांगल्या स्टीलची ग्रेड), आणि चिकटणारं स्टील तब्येतीला घातक. तिन्ही दावे चूक आहेत. मधला तर गिऱ्हाइकाला सरळ खड्ड्यात घालणारा आहे.

'नाही चिकटलं तर 304.' चुंबकाला कळते ती धातूच्या आतली रचना, निकेल किती ते नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे लोखंडाची ऑस्टेनाइट ही रचना गार झाल्यावरही टिकते, आणि ती चुंबकाला दाद देत नाही. पण मँगनीजही हेच काम करतं, तेही बरंच स्वस्तात. बाजारातल्या 'जे-फोर' या स्वस्त स्टीलच्या पत्र्यात निकेल जेमतेम 1 टक्का असतं, मँगनीज 9 च्या आसपास. त्यालाही चुंबक चिकटत नाही. क्रोमियम मात्र 304 पेक्षा कमी, म्हणून मीठ आणि चिंचेने डाग लवकर पडतात. ज्या मालापासून वाचायचं, त्यालाच ही चाचणी पास करते! (रेल्वेच्या क्रॉसिंगसाठी वापरतात ते हॅडफिल्ड पोलाद बघा: मँगनीज 12 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक सगळं लोखंडच, तरी चुंबक धरत नाही.)

'चिकटलं तर नकली.' 304 चा खोल डबा घ्या. छोटं निओडिमियम चुंबक दोऱ्याला टांगून तळाच्या मध्याजवळ न्या; दोरा बहुधा सरळच राहील. आता भिंतीवरून काठाकडे सरकवा, दोरा तिरका होतो. प्रेसमध्ये पत्रा जिथे जास्त ताणला जातो तिथे ऑस्टेनाइटचं थोडं मार्टेन्साइट होतं, ही धातूची वेगळी रचना, आणि ती चुंबकाला ओढते. तोच डबा 1,050 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात विझवला की ओढ जाते. वेल्डिंगचा सांधाही ओढतो: तिथे मुद्दाम थोडं फेराइट (चुंबकाला ओढणारी आणखी एक रचना) ठेवतात, नाहीतर सांधा गार होताना तडकतो.

'तब्येतीला घातक.' 430 ग्रेडचं स्टील चुंबकाला घट्ट चिकटतं. त्यात 16 ते 18 टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नाही. इंडक्शनच्या भांड्यांना तळाशी हाच थर देतात. सावजी रस्सा रात्रभर ठेवायला 304 बरं, कारण मिठाने 430 वर बारीक खड्डे लवकर पडतात. पण म्हणून 430 विषारी होत नाही.

खरेदी करताना बिलावर ग्रेड लिहून घ्या. मोठी खरेदी असेल तर एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं हातातलं यंत्र) तपासून घ्या. क्रोमियम, निकेल, मँगनीज काही सेकंदांत टक्क्यांत दिसतं. मँगनीज तपासायचा थेंब (पत्र्यावर टाकून रंग बघायचं रसायन) स्वस्त पडतो, पण आधी पत्र्यावरचं पॉलिश आणि तेल नीट पुसा, नाहीतर रंग चुकीचा येतो.