वृंदगानात नाव घालणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी वृंदगानात नाव घातलेत? अभिनंदन. गळा नसला तरी हरकत नाही. हजीऱ्याला तानसेनाच्या मकबऱ्यापाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चघळली की आवाज सुधारतो म्हणतात. रियाजापेक्षा हे केव्हाही सोपं.

घराणं मात्र लागेलच. हे ग्वाल्हेर आहे; इथे रिकाम्या हाताने येता येतं, रिकाम्या वंशावळीने नाही. 1918 साली महाराज माधवराव शिंद्यांच्या पाठबळावर संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी इथे संगीत महाविद्यालय काढलं, तेव्हा आपले पणजोबा पहिल्या तुकडीत होते असं खुशाल ठोकून द्या. हजेरीपट कोणी मागत नाही, कारण मागणाऱ्याचेही पणजोबा त्याच तुकडीत होते.

तालमीचा पहिला अर्धा तास पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरायचा ते ठरवण्याचा. पुरुषांना पहिली काळी पट्टी, म्हणजे काळी एक हवी, बायकांना काळी चार. तडजोड म्हणून काळी तीन धरली, की पुरुषांच्या मानेच्या शिरा तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, दिसू लागतात आणि बायकांचा मंद्र पंचम, म्हणजे खालचा ‘प’, ओठांतच राहतो. कोणालाच गाता येत नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही उरत नाही.

आता गाणं बसवणारे सर. सर बदलत राहतात, आणि आधीचे सर नेहमीच थोर असतात. बँकेतले सर होते तोवर ‘पेटी बडवतात’ असं आपण म्हणायचो. त्यांची बदली भोपाळला झाली आणि त्यांच्या बोटांत एकदम गोडवा उतरला. मग एक तरुण ताई आल्या. त्यांनी मंडळींचे दोन भाग करून दोघांना वेगवेगळे सूर दिले. कार्यकारिणीतले काका ताडकन उठले: “एका वेळी दोन सूर म्हणजे एक जण बेसूर आहे, भाई! कोण ते सांगा.” ताई पुढच्या तालमीला आल्या नाहीत. सध्याचे सर निवृत्त आहेत आणि प्रार्थनेतही ताना घेतात. तुम्ही एवढंच म्हणायचं, “ताईंच्या वेळी कसं मोकळं वाटायचं!” काकाही मान डोलावतील.

कार्यक्रमाची खरी तयारी साड्यांच्या रंगापासून सुरू होते; गाणी शेवटच्या आठवड्यात बसतात, किंवा बसत नाहीत. तानसेन समारोहाची सुरुवात हरिकथा आणि मीलादने (पैगंबरांच्या स्तुतीने) होते, आपली भाषणांनी. अध्यक्ष वृंदगानाचं महत्त्व सांगतात आणि त्यातच शेवटची दोन गाणी गळतात. न बसलेली तीच असतात, त्यामुळे भाषणाला नावं ठेवू नयेत. मंचावर माइकपासून हातभर अंतरावर जागा धरा आणि गाताना हळूहळू ते अंतर मिटवा. शेजारणीचा आवाज आपल्या कानी पडला, तर आपण कमी पडतोय असं समजावं.

वार्षिक सभेत नव्या सरांचा विषय निघाला की लगेच दुसऱ्याचं नाव सुचवा. अनुमोदनाला घाई करा, नाहीतर तो तुमचं सुचवेल. शाल-श्रीफळ जाणाऱ्याला मिळतं, येणाऱ्याला पेटी उचलावी लागते.

भांडायचं तर कोणाशीही भांडा, तबलजीशी नको. तो एकच आहे, आणि आपल्यातून फुटून निघालेल्या मंडळातही तोच वाजवतो.